शोभेचं पदक

"काय ते टोकदार नाक, काय ते मागे झुकलेले पंख! रशियनांनी विमान नाही, अप्सरा घडवलीय!" चौकात नव्याने बसवलेल्या जुन्या मिग विमानाखाली व्याख्याते आवळसकर रंगात आले होते. त्यांच्या कोटावर पाच शौर्यपदकं झुलत होती आणि लोक टाळ्या पिटत होते.

समोर बसलेल्या खलाटकरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हवाई दलात फिटर म्हणून बावीस वर्षं त्यांनी याच अप्सरांच्या पोटात हात घालून दुरुस्त्या केल्या होत्या. त्यातली एक धावपट्टीवर पेटली, तेव्हा वैमानिकाला ओढून काढणारा त्यांचा जोडीदार दौलत गुजर स्वतः आगीत अडकला. त्याला काही खलाटकरांना बाहेर काढता आलं नाही. तो जळका वास अजून त्यांच्या नाकातून गेला नव्हता.

भाषण संपताच आवळसकर फोटोसाठी खलाटकरांना येऊन चिकटले. अत्तराचा भपकारा आला.

"तुम्ही कुठल्या तळावर होतात?" खलाटकरांनी विचारलं.

"छे हो, आम्ही नुसते जवानांचे भक्त! पदकं जुन्या बाजारातली. पण शोभतात की नाही?"

फौजेतल्या पदकाच्या कडेवर ते मिळवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. खलाटकर एकेक पदक उलटून कडा वाचू लागले. चौथ्यापाशी त्यांची बोटं थांबली. अत्तरात भिजलेल्या त्या कोटावर दौलत गुजर लटकत होता.

"काका, हसा जरा!" फोटोवाला ओरडला.

खलाटकर पदकाची पिन सोडवू लागले.

"अहो, हे काय करताय?"

"दौलतला बाहेर काढतोय," ते म्हणाले. "तेव्हा जमलं नव्हतं."