कुंचला धरलेले हात

टीव्ही वाहिनीच्या लोगोंचा पन्नास वर्षांचा इतिहास पडद्यावर दोन मिनिटांत उरकला आणि बँकॉकचं ते सभागृह टाळ्यांनी दणाणलं. फिल्म बनवणाऱ्या विपादाला मात्र शेवटच्या रांगेकडे बघवेना.

पहिला लोगो काचेवर रंगवणारे म्हातारे प्रसोंग तिथे नातवंडांना घेऊन बसले होते. वेळेत बसेना म्हणून विपादाने त्यांची मुलाखत कालच उडवली होती, नावासकट. उरले होते फक्त कुंचला धरलेले हात.

ती नजर चुकवून निघाली, पण त्यांनी दारात गाठलंच.

"हात माझेच ना, मॅडम? नातवंडांनी लगेच ओळखले! फार उपकार झाले."

थाई रीत अशी, की हात आधी धाकट्याने जोडायचे. विपादाचे उचललेच गेले नाहीत. म्हाताऱ्याने तेच दोन हात तिच्यापुढे जोडले.