दोर थोरलीचा, पोहरा धाकटीचा

धोंडाबाईनं विहिरीचा दोर खांद्यावर टाकला आणि ती धाकट्या जावेच्या घराकडं निघाली. अजून उजाडायचं होतं. कुणी बघायच्या आत जाऊन यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

घरं म्हणाल तर हाकेच्या अंतरावर. पण मधे अबोला उभा, लोहगडाएवढा. साठ सालच्या फाल्गुनात भाऊ वेगळे झाले. जमीन वाटली, भांडी वाटली, म्हशीसुद्धा वाटल्या. पण विहीर कशी वाटणार? तेव्हा पंचांतल्या नवशा आबांनी मिशीला पीळ भरला. "दोर थोरलीला, पोहरा धाकटीला. आता एकमेकींच्या दारात गेल्याबिगर घोटभर पाणी न्हाई मिळायचं. भांडाल कशा?" सगळ्या गावानं वाहवा केली. सगळ्यात मोठ्यानं आबांनीच.

थोडे दिवस निभावलं. मग एका सकाळी अडलं. कुणी कुणाच्या दारात जायचं? दोर आपल्याकडं आहे, तिनं यावं, असं थोरलीला वाटलं. पोहरा आपल्याकडं आहे, आक्कांनी यावं, असं धाकटीला वाटलं. दुसरा दोर मळवलीच्या बाजारात मिळत नव्हता असं नाही, पण मग हार कुणाची? विहिरीत पाणी आणि दोघी हंडे घेऊन खालच्या ओढ्याला! वाट कसली ती, नुसती घसरण.

आता धाकट्या कस्तुराबाईचे दिवस भरत आले होते. नवरा लोणावळ्याला रेल्वेच्या कामावर. काल तिला भरला हंडा घेऊन घसरण चढताना धोंडाबाईनं पाहिलं आणि रात्रभर तिचा डोळा लागला नाही. तिला स्वतःला मूल नव्हतं. घर एक होतं तेव्हाच तिनं धाकटीला बजावलं होतं, "पोराला पहिलं न्हाऊ मीच घालनार. रडून गाव गोळा केलं तरी सोडायची न्हाई!"

धाकटीचं दार नुसतं लोटलेलं. हाक मारली, ओ नाही. धोंडाबाईनं दोराचं नीट वेटोळं केलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि हलक्या पायांनी परतली.

घरी येऊन बघते तर तिच्याच उंबऱ्यावर पोहरा!

आधी ती खुळ्यासारखी बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. ही पुढल्या वाटेनं गेली तेव्हा ती बया मागल्या वाटेनं येऊन गेली होती!

नवरा श्रीपती राखुंडीनं दात घासत होता. "हसतीस काय? जा की पोहरा घेऊन."

धोंडाबाईनं पोहरा उचलला. मग थबकली.

"एकदा गेले न्हवं मी? आता तिनं यावं. थोरली हाय मी, दोनदा उंबरा झिजवू व्हय?"

ती वाट बघत बसली. येईलच की! रांजणाच्या तळातलं पाणी काढून तिनं गुळाचा चहा ठेवला, दोघींपुरता. बांगड्या वाजल्या की मान दाराकडं.

ऊन चढलं. दुपारची गाडी मळवलीहून शिट्टी देऊन गेली. चहा निवला.

"म्हंजे पोहरा दिला न्हाई तिनं," धोंडाबाई ओठ आवळून म्हणाली. "दारात आदळला."

तेवढ्यात ओढ्याकडून बायांचा गलका आला. धाकटी हंड्यासकट घसरणीवरून खाली गेली होती.

घोंगडीत घालून तिला घरी आणली. धोंडाबाई धावत आली, तसा धाकटीनं तिचा हात धरला. "वाट बघत हुते आक्का. दोर घिऊन."

सुईण आतून ओरडली, "पानी आना की गं बायांनो!" घरात थेंब नव्हता. धोंडाबाईनं पळत जाऊन आपल्या दारातला पोहरा आणला, धाकटीच्या खुंटीवरचा दोर ओढला, गाठ मारली. गाठ मारायला असा कितीसा वेळ लागतो? पोहरा आत गेला आणि काठोकाठ भरून वर आला.

सुईणीनं बाळ तिच्या ओंजळीत दिलं. मुलगी होती. धाकटी भिंतीकडं तोंड करून पडली होती. धोंडाबाई पाटावर बसली, पाय लांब केले, बाळाला पायांवर घेतलं. म्हणाली होती तसं पहिलं न्हाऊ तिनंच घातलं. डोक्यावर पाणी ओतलं. अंग चोळलं. पुन्हा पाणी ओतलं.

बाळ रडलं नाही.