जास्तीचा प्रश्न

"रात्रभर मुलं एकटी होती. हो की नाही, एवढंच सांगा."

"हो."

अध्यक्षांनी चष्म्यावरून शेजारच्या दोन सदस्यांकडे पाहिलं. बघा, मी म्हणत नव्हतो? असं ते पाहणं होतं. समोर खुर्चीच्या टोकाला बाई बसली होती. पस्तिशीची असेल. डोळे जागरणाने सुजलेले, पण पाठ ताठ. डोळ्यांत पाणी नाही की चेहऱ्यावर लाज नाही. अध्यक्षांना तेच खटकत होतं. सरकारच्या दारात हात पसरायला आलेल्या माणसाने थोडं वाकावं, असं त्यांचं आपलं साधं मत होतं.

दुपारपासून खात्याच्या खर्चाच्या कलमांना कात्री लावणं चाललं होतं. हे शेवटचं कलम. 'कुटुंब टिकवणे आणि ताटातूट झालेली मुले घरी परत आणणे.' ते वाचूनच अध्यक्ष म्हणाले होते, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" दोघे सदस्य मनापासून हसले होते. कुठे हसायचं हे त्यांना बरोबर कळायचं.

कलमाची बाजू मांडायला घरभेटीची ताई आली होती. मोडकळीला आलेल्या घरांत जाऊन त्यांची घडी बसवून देणं, हे तिचं काम. बाईला तिनेच आणलं होतं. हकिकतही तिनेच सांगितली. नवरा चार वर्षांपूर्वी निघून गेला, तो गेलाच. बाई रात्रपाळीला जाताना बाहेरून कडी घालायची. एका रात्री नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावासाठी दूध तापवायला गेली आणि तिचा हात भाजला. शेजाऱ्यांनी कळवलं. सरकारने दोन्ही मुलं उचलून बालगृहात नेली. त्याला आता अकरा महिने झाले. भेट पंधरवड्यातून एकदा, तासभर, मध्ये टेबल.

"धाकटा आता आईला 'अहो' म्हणायला लागलाय, साहेब," ताई म्हणाली.

"मग चांगलं वळण लागलं की!" अध्यक्ष म्हणाले. सदस्य हसले.

ताई मुद्द्यावर आली. "कोर्ट मुलं परत द्यायला तयार आहे. रात्री त्यांच्याजवळ कुणी मोठं माणूस हवं, एवढीच अट. या कलमातून आम्ही सहा महिने एक मदतनीस देऊ शकतो. तोवर यांना दिवसपाळी मिळेल. दोन मुलं बालगृहात ठेवायला सरकारला याच्या तिप्पट खर्च येतो."

"हिशेब मला नका शिकवू. माझ्या आईने आम्हा पाच जणांना वाढवलं. कुठल्या सरकारने तिच्या मदतीला बाई धाडली होती?"

घरात दोन आत्या, एक आजी आणि एक स्वयंपाकीण होती, हे त्यांना आठवलं नाही. अशा गोष्टी आठवायची त्यांना सवय नव्हती. समोरची फाइलही त्यांनी पहिल्या पानापुढे उलटली नव्हती. अशा बायकांच्या फायली वाचाव्या लागत नाहीत, चेहरे पुरतात, असं ते घरी बायकोला सांगत. जन्माला घालायचं यांनी आणि निस्तरायचं सरकारने!

"बाई, तुम्ही मुलांना कोंडून रात्रभर बाहेर राहता," ते म्हणाले. "कुठली आई असं करते?"

"जिला पोट आहे ती," बाई म्हणाली.

"साहेब, त्या कामावर होत्या. फाइलमध्ये सगळं..." ताई पुढे झाली.

"काम!" अध्यक्षांनी तो शब्द चिमटीत झुरळ धरावं तसा उचलला. "रात्रीची कामं कसली असतात, ते आम्हाला कळतं. पोरांची माया असती तर दिवसाचं काम धरलं असतं. तुमच्यासारख्यांना मुलं सांभाळता येत नाहीत, म्हणून तर सरकारला सांभाळावी लागतात."

बाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहा झाले होते. अध्यक्षांनी लाल पेनचं टोपण काढलं आणि निब कलमावर टेकवली.

ते कलम मात्र त्या संध्याकाळी कापलं गेलं नाही. पुढच्या महिन्यात दोन्ही मुलं घरीही आली. अध्यक्षांना पाझर फुटला म्हणावं, तर तो दगड तसला नव्हता. झालं एवढंच, की बाई उठून उभी राहिली आणि अध्यक्षांना जाता जाता आणखी एक टपली मारायचा मोह आवरला नाही.

"बसा. निर्णय व्हायचाय अजून. एवढी कसली घाई? अंधार तरी पडू दे."

सदस्य हसले. बाईने ते हसू संपू दिलं. मग, मोठ्यांच्या बोलण्यात लुडबुड करणाऱ्या पोराला समज द्यावी तशा आवाजात ती म्हणाली,

"सातला माझी ड्युटी लागते, साहेब. तुमच्याच खात्याच्या नदीपलीकडच्या बालगृहात. रात्री तिथे मी एकटीच असते. मी पोचले नाही, तर सरकारची छत्तीस पोरं एकटी राहतील."