मिशीची भरपाई

नाकाखाली घट्ट धरलेला हातरुमाल. घरातल्या आरशावर टाकलेला टॉवेल. तीस वर्षांपूर्वीचा लग्नाचा फोटो, पुरावा म्हणून.

निवृत्त हेडमास्तर तरातरा सलूनमध्ये शिरले. मागोमाग बायको.

"वस्तरा हातात असताना डुलकी लागते? माझ्या मिशीची भरपाई कर!"

"चुकलो, सर," न्हावी म्हणाला. "महिनाभर दाढी फुकट."

"माझ्या तोंडाला पानं पुसतोस?"

"अहो, वर्षभर मागा," बायको हळूच म्हणाली. "रोज. आणि चांगली गुळगुळीत."

"वर्षभर!" हेडमास्तर गरजले. "रोज! गुळगुळीत!"

न्हाव्याने मान खाली घालून कबूल केलं.

हेडमास्तर गड जिंकल्यासारखे बाहेर पडले. भर रस्त्यात बायकोने त्यांच्या ओठांवर ओठ टेकले, तीस वर्षांत पहिल्यांदाच तोंड वाकडं न करता.

डुलकी कधी काढायची, ते तिने न्हाव्याला चार दिवस आधीच फोनवर सांगितलं होतं.