वाळेपर्यंत

"सरळ काय खुपसतेस गं? तिरकी लाव, बाहेरच्या अंगाला कलती. सरळ पीन ओढ बसली की निसटते, बघ, शालीचा हा कोपरा कसा आत पळाला!"

सासू खेकसली तशी सुनेने पीन उपसून पुन्हा लावली. काथ्याच्या गादीत ती कचकन रुतली. सुनेला सातवा महिना. जमिनीवरच्या गादीपाशी ओणवं व्हायचं म्हणजे दर चार पिनांनंतर कमरेवर हात ठेवून दम खावा लागत होता. डाव्या डोळ्याखालचा काळानिळा डाग आता पिवळा पडत चालला होता. त्याबद्दल बोलून झालं होतं. साडेतीनला तिचा भाऊ कोपऱ्यावर गाडी घेऊन येणार होता. भरलेली बॅग दाराशी होती. नवरा साडेसहाच्या आत कधी घरी येत नसे.

खरं तर सकाळीच निघता आलं असतं. पण बाळाची शाल कालच विणून झालेली, आणि ती तशीच द्यायला सासू काही केल्या तयार होईना. "अशी नेलीस तर नुसता बोळा होईल. कोमट पाण्यातून काढते, ताणून पिना लावते, दुपारपर्यंत वाळेल." पाणी टिपायला शाल टॉवेलात गुंडाळून सासू स्वतः तिच्यावर उभी राहिली होती, कारण लोकर पिळायची नाही म्हणजे नाही. चाळीस वर्षं सुया हलवलेली बाई! घराला आग लागली तरी आधी ओळ पुरी करील. आणि सून तरी केवढी शहाणी, तीही थांबली. खरी गोष्ट अशी की सासूला तिला सोडवत नव्हतं, आणि ते तोंडाने म्हणता येत नव्हतं.

साडेतीन वाजत आले. सासूने तळवा ठेवून पाहिलं. कडा वाळल्या होत्या, मधे ओल होती.

"अजून अर्धा तास," ती म्हणाली, आणि तेवढ्यात दार उघडलं.

कारखान्यात वीज गेली म्हणून मुलगा लवकर सुटला होता. त्याने बॅग पाहिली. बूटही न काढता ती उचलून उलटी केली. दोन साड्या, दवाखान्याची फाइल, चिमुकली झबली, टोपरी. एक टोपरं गरगरत त्याच्या बुटापाशी आलं. त्याने ते पायाखाली धरलं.

"कुठे?"

त्याने बायकोची वेणी मनगटाला गुंडाळून तिला भिंतीशी ओढलं. पहिली चपराक कानावर बसली, दुसरी तोंडावर. ओठ फुटला. ती पोटाभोवती दोन्ही हात आवळून गादीच्या कडेला कोसळली. त्याने लाथ घातली, ती मांडीवर बसली. दुसरीसाठी त्याने पाय मागे घेतला.

"बाळ्या, पोटात नको रे!" सासू ओरडली.

आजवर ती एवढंच म्हणत आली होती. तोंडावर नको. डोक्यात नको. पोटात नको. जणू कुठे मारायचं ते तिला विचारूनच ठरत होतं. हे तिचं तिलाच आज पहिल्यांदा ऐकू आलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

"तू मधे पडू नकोस, आई," तो म्हणाला. लाथेचा बेत सोडून तो खाली वाकला. डावा हात त्याने आधारासाठी गादीवर टेकला, ओल्या शालीच्या बरोबर मधोमध. उजव्या हाताची मूठ वर गेली.

सासूच्या अंबाड्यात सुई होती. पोलादी, वीतभर, मोज्यांसाठी वापरायची ती. तिने ती उपसली आणि मुलाच्या पंजात घातली. तिरकी. बाहेरच्या अंगाला कलती. मग दोन्ही तळवे सुईच्या वरच्या टोकावर ठेवून सगळं अंग त्यावर टाकलं. हात, शाल आणि काथ्या यांतून सुई फरशीला जाऊन टेकली.

तो गुरासारखा ओरडला. हात उपसायला गेला, तशी सुई मांसात फिरली आणि तो गुडघ्यांवर आपटला. कडेच्या पिनांची डोकी गुडघ्यांत रुतली. मोकळ्या हाताने त्याने आईच्या बरगडीत ठोसा हाणला. आत काहीतरी मोडल्यासारखं झालं. तिने त्याच्या मनगटावर गुडघा रोवला, पण सुईवरचे हात काढले नाहीत.

"जा," ती सुनेला म्हणाली.

"आई, तुम्ही—"

"जा म्हणते ना!"

सुनेने फाइल आणि हाताला लागतील ती झबली छातीशी धरली. दाराशी ती एकदा वळली. सासूने मान वर केली नाही. जिन्यावर पावलं वाजली, मग कोपऱ्यावर गाडीचं दार लागलं, मग काहीच नाही.

पांढरी लोकर एकेक टाका करत लाल होत चालली होती. मुलगा आता ओरडत नव्हता. रडत होता. मोकळ्या हाताने त्याने आईचा पदर धरला.

"काढ ना गं, आई. दुखतंय."

तिचा एक हात सुईवरच होता. दुसऱ्या हाताने तिने त्याच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारले. लहानपणी स्वेटरसाठी गळ्याचं माप घेताना तो असाच चुळबुळ करायचा.

"हलू नकोस, बाळा," ती म्हणाली. "वाळेपर्यंत हलायचं नसतं."