नवव्या दिवसाची कुमारिका

मनोरमाबाईंनी परात जमिनीवर मांडली, तांब्यातलं कोमट पाणी बोट घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "ये, पाय ठेव यात."

सुमेधा स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. अंगात अजून कोट, मुठीत घराची किल्ली. गार्चिंगहून म्युनिक, म्युनिकहून इंगोलश्टाट, अशा गाड्या बदलत ती आली होती. पुण्याच्या कोर्टातून आलेल्या निकालाची प्रत सासूबाईंना द्यायची, किल्ली परत करायची आणि पुढच्या गाडीने निघायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. प्रत तिने आल्या आल्या दिली होती. मनोरमाबाईंनी ती न उघडता देवापुढे ठेवली होती.

"अहो आई, भलतंच काय! मी तुमच्या पाया पडायचं, की तुम्ही माझे पाय धुवायचे?"

"आज नवमी. मला कुमारिका हवी."

"अन्वी येते ना रोज?"

"तिची आज पोहण्याची परीक्षा. पास झालं की बिल्ला मिळतो म्हणे. देवी थांबेल, बिल्ला कसा थांबेल? आणि तिची धाकटी बहीण काल ताट बघून म्हणाली, 'शोन वीडर पुरी?' पुन्हा पुरीच का, म्हणून! गेली पाय आपटत. आठ दिवस त्या दोघींवरच माझं नवरात्र चाललंय. अख्ख्या गावात मराठी मुली दोनच, मी तरी कुठून आणू?"

सुमेधाला हसू आलं, ते तिने आवरलं. "म्हणून मी? एकोणतीस वर्षांची घोडी? लग्न झालेली?"

मनोरमाबाईंनी देवापुढचा कागद उचलला, चष्मा लावला आणि पोथी वाचताना धरतात तसं ओळीखाली बोट धरून वाचलं, "'प्रतिवादी हा विवाहाच्या वेळी मानसिकदृष्ट्या विवाहास असमर्थ होता. सबब सदर विवाह रद्दबातल ठरविण्यात येत आहे.' वकिलांना फोनवर मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, मावशी, लग्न झालंच नव्हतं असं धरायचं. मुळापासून. मग तू कोण झालीस, सांग."

सुमेधाने आतल्या बंद दाराकडे पाहिलं. आतल्या खोलीत रुपेश गिअरबॉक्सचं ड्रॉइंग काढत बसला होता. शनिवार असो की सण, तो तिथेच. लग्नाची तीन वर्षंही तो तिथेच होता. बायको दारात आली की तो हात थांबवायचा आणि ती जाईपर्यंत श्वासही बेतानेच घ्यायचा. माणूस वाईट नव्हता. संसार त्याला झेपणारा नव्हता.

पुण्यातल्या डॉक्टरांनी हे लग्नाआधीच लिहून दिलं होतं. मनोरमाबाईंनी ते पत्र देव्हाऱ्याच्या खणात, पोथीच्या फडक्याखाली सारलं आणि मुलाला बोहल्यावर चढवलं. सून आली की सुधारेल, असं सगळेच म्हणतात, त्याही म्हणाल्या. मग गेल्या वर्षी एका एकादशीला त्या म्युनिकच्या भारतीय वकिलातीत गेल्या, प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि ते पत्र आपल्या हाताने कोर्टाला धाडलं. पण सुमेधाजवळ तोंडाने त्यांनी अजून एक शब्द काढला नव्हता. आता ही किल्ली ठेवून गेली की पुन्हा यायची नाही, हे त्यांना दिसत होतं.

"सुमेधा, मला ठाऊक होतं."

"माहीत आहे आई. पत्र वाचलंय मी."

"वाचलंस, माझ्या तोंडून ऐकलं नाहीस. मला ठाऊक होतं आणि तरी मी तुला आणलं. माझ्यामागे याचं कोण, एवढंच बघितलं. तू कुणाची तरी लेक आहेस, ते बघितलं नाही."

सुमेधाने खिडकीकडे पाहिलं. "मला वाटायचं, माझ्यातच काही खोट आहे," ती हळूच म्हणाली. "तीन वर्षं वाटायचं."

मनोरमाबाई तांब्या घेऊन परातीशी बसल्या.

सुमेधाने किल्ली ओट्यावर ठेवून कोट काढला. बूट काढले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते न लपवता तिने मोजे उतरवले. स्टुलावर बसून तिने दोन्ही पाय परातीत ठेवले.

मनोरमाबाईंनी पाणी घातलं. टाचा चोळल्या, बोटं एकेक करून धुतली. जोडव्यांच्या जागी पांढरट वळ अजून होते. तिथे त्यांचा अंगठा जरा घुटमळला. मग हळद-कुंकू वाहून त्यांनी कपाळ पावलांवर टेकवलं आणि "पोटात घाल" एवढंच म्हणाल्या.

"उठा बघू. गुडघे धरतील तुमचे," सुमेधा म्हणाली. तिने वाकून त्यांना दंडाला धरून उठवलं. "आणि वाढा लवकर. सकाळपासून नुसत्या कॉफीवर आहे मी."

मनोरमाबाई डोळे पुसत, हसत पुऱ्यांच्या डब्याकडे वळल्या. पाय पुसायला काही आणायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. रुपेश बाहेर आला, चार पावलांवर थांबला. त्याच्या हातात बाथरूममधला टॉवेल होता.

"तू आता इथे राहायला येणार नाहीस ना?" त्याने विचारलं.

"नाही रे."

त्याचे खांदे खाली आले.

"मग जेवून जा," तो म्हणाला, आणि टॉवेलचं एक टोक स्वतःच्या मुठीत धरून दुसरं त्याने तिच्याकडे लांब केलं.