मातीत विरघळणारा पेपर

चाळणीत पुन्हा नुसते खडे उरले.

"पुढची पाटी," तपासनीस म्हणाले.

तिने दोरीने आखलेल्या वाफ्यातली माती पाटीत भरली आणि त्यांच्यापुढे ओतली. कंपनीचा माणूस बांधावर उभा राहून गालात हसत होता. मनातल्या मनात तिने त्याचा उद्धार केला.

आपोआप मातीत विरघळतो, असं सांगून कंपनीने तण रोखायला अंथरायचा हा काळा, प्लॅस्टिकसारखा मल्चिंग पेपर घरोघर खपवला होता. वाफ्यावर अंथरा, पीक काढा, नांगरून टाका, विसरून जा. विसरता कसलं येतंय! कपटे जमिनीत तसेच राहिले. रोपांच्या मुळांना गुंडाळत गेले. चरता चरता तेच गिळून तिची गाय मेली. पोट फाडलं तेव्हा आतून काळा गोळा निघाला. त्या दिवसापासून तिने कचेरीचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे ही चाचणी लागली. पेपर नांगरून गाडायचा, भोवती दोरी बांधायची, मुदत संपली की माती चाळायची. कपटे निघाले तर बंदी. नाही निघाले तर परवाना कायम आणि तक्रार निकालात.

सासरे दारातून बघत होते. त्यांना एवढंच कळलं होतं की मोठे साहेब शेत तपासायला येणार. सकाळीच त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला होता आणि खुर्च्या दोनदा पुसून घेतल्या होत्या.

तपासनीसांनी शेवटची चाळणी आपटली. "संपलं, ताई. एकही कपटा नाही."

"असं होणंच शक्य नाही! शेजारच्या वाफ्यात बघा, ढिगाने निघतील."

"तिथे कधीचा, कुणाचा पेपर पडलाय, कोण सांगणार? मला याच वाफ्यातलं धरता येतं." त्यांचा आवाज खाली आला. "खरं सांगू? मलाही बंदीच हवी होती. पण जे नाही ते कुठून आणू?"

ती कंपनीच्या माणसावर धावून गेली. "गेल्या आठवड्यात तुम्ही इथे घुटमळत होतात. तुम्हीच माती बदललीत!"

"वहिनी, तोंडाला येईल ते बोलू नका. रस्त्यावरून फोटो काढले आणि गेलो."

तपासनीसांनी खाली बसून माती चिमटीत चुरडली. शेजारच्या वाफ्यातलीही चुरडून पाहिली.

"माती तुमचीच आहे, ताई," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

कंपनीच्या माणसाने तिथेच फोन लावला. "परवाना कायम. माल भरायला घ्या."

गाडी निघून गेली. ती वाफ्यातच बसून राहिली. आता हाच पेपर प्रत्येक शेतात जाणार होता, आणि खोटारडी ती ठरणार होती.

सासरे काठी टेकत आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तोंड कशाला पाडलंस, पोरी? एवढे मोठे साहेब, इतकं खालपर्यंत उकरून गेले, पण आपल्या शेतात घाण आहे म्हणायची सोय ठेवली का मी त्यांना? तू बाजाराला गेलीस की दर वेळी या दोरीतल्या वाफ्यात उकरून वेचायला बसायचो. एक कपटा सोडला नाही."